हिरोच्या वडिलांची नोकरी

सिनेमातल्या आया आणि त्यांची मुलं यांच्या वयाचं गणित कागद-पेन्सिल घेऊन एकदा मांडून बघावं. दुपार मजेत जाते. 'जॉनी मेरा नाम' १९७० साली आला. त्यात देव आनंद मुलगा आणि सुलोचनादीदी आई. देव आनंदचा जन्म १९२३ चा, सुलोचनादीदींचा १९२८ चा. म्हणजे चिरंजीव मातोश्रींपेक्षा ५ वर्षांनी थोरले! 'अग्निपथ'मध्ये (१९९०) अमिताभ बच्चन मुलगा आणि रोहिणी हट्टंगडी आई. इथे आई मुलापेक्षा चांगली साडेआठ वर्षांनी धाकटी. पुढे 'वास्तव'मध्ये (१९९९) निर्मात्यांनी निसर्गाशी थोडं जुळवून घेतलं. त्यात संजय दत्तची आई झालेल्या रीमा लागू मुलापेक्षा खरोखरच मोठ्या होत्या. तेरा महिन्यांनी.

हे गणित कुठल्या डॉक्टरला दाखवलं तर तो चष्मा पुसत बसेल, पण सिनेमाच्या धंद्यात ते चोख बसतं. हिरोनं म्हातारं व्हायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. आता गोष्ट म्हटली की तिच्यात कोणीतरी म्हातारं व्हावं लागतं, खोकावं लागतं, मुलीच्या लग्नासाठी पगडी उतरवून कोणाच्या तरी पायाशी ठेवावी लागते. ही सगळी कामं ज्याच्या गळ्यात पडतात तो चरित्र अभिनेता. हिरोच्या वाट्याचं वय तो आपल्या अंगावर घेतो. रोहिणीताईंनी तर 'गांधी'मधल्या (१९८२) कस्तुरबांसाठी तिशीच्या आसपासच म्हातारपण गाठलं आणि त्याबद्दल ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कारही मिळवला. लोक तरुण दिसण्यासाठी पैसे मोजतात. या बाईंना म्हातारं दिसल्याबद्दल परदेशात बोलावून बक्षीस दिलं.

लोकांना वाटतं, या धंद्यात खरं करिअर हिरोचं. माझं मत उलट आहे. हिरोला चाळीस वर्षांत एकही बढती मिळत नाही. पहिल्या सिनेमात तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतो आणि तिसाव्या सिनेमातही शेवटच्याच वर्षाला. एटीकेटीची इतकी सवलत कुठल्याही विद्यापीठात नाही. या धंद्यात सर्व्हिस बुक असतं ते फक्त चरित्र अभिनेत्याचं. सुरुवात हिरोचा मित्र म्हणून. या काळात मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसायचं आणि 'वहिनी येतायत' एवढी वर्दी द्यायची. मग थोरला भाऊ. मग मामा. टक्कल पडलं की वडील. केस पांढरे झाले की आजोबा. आणि सर्वात शेवटी, सेवाज्येष्ठतेनुसार, भिंतीवरचा हार घातलेला फोटो.

क्वचित कोणी मधल्या पायऱ्या गाळून थेट भरती होतो. ए. के. हंगल स्वातंत्र्यलढ्यात उतरले, तुरुंगात गेले, शिंपीकाम केलं, नाटकं केली आणि वयाची पन्नाशी आली तेव्हा कुठे सिनेमात शिरले. 'तीसरी कसम' १९६६ सालचा. ज्या वयात इतर लोक स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहायला घेतात, त्या वयात हा माणूस कामावर रुजू झाला आणि पुढची कित्येक दशकं या देशाचा सामाईक वडील, मास्तर आणि गरीब सज्जन म्हणून नांदला. हंगल पडद्यावर आले की प्रेक्षकाला कळायचं, या माणसाचं आता काहीतरी वाईट होणार. चेहऱ्यावर इतका सज्जनपणा असल्यावर पटकथाकाराला तरी दुसरं काय सुचणार?

काहींना मात्र ही बढती न मागता मिळते. ललिता पवार येवल्याकडच्या. मूकपटांच्या जमान्यात त्या नायिका होत्या. १९४२ च्या सुमाराला एका चित्रपटात सहकलाकारानं त्यांच्या थोबाडीत मारायचा प्रसंग होता. मारणारा नवखा होता, त्यानं खरीच मारली. डोळ्याला कायमची इजा झाली, चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा आला, उपचारांत वर्षं गेली. नायिकेची कारकीर्द तिथे संपली. दुसरं कोणी असतं तर घरी बसलं असतं. बाईंनी तो बारीक झालेला डोळाच कामाला लावला. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी तो डोळा नुसता तिरका केला की पडद्यावरच्या सुनेच्या हातातलं दूध उतू जायचं. १९८७ साली 'रामायण'मध्ये त्या मंथरा झाल्या, आणि दर रविवारी सकाळी अख्खा देश कामधाम टाकून त्यांच्या नावानं बोटं मोडायला टीव्हीपुढे बसला. गंमत म्हणजे फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला तो 'अनाडी'मधल्या (१९५९) मायाळू मिसेस डिसाबद्दल. म्हणजे जन्मभर छळलं आणि बक्षीस मिळालं ते माया केल्याचं.

बढतीच्या या नियमाला एक खातं अपवाद आहे. ते म्हणजे पोलीस खातं. जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस अधिकाऱ्याचं काम केलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. १४४ वेळा गाडीतून उतरून तेवढ्याच वेळा उशिरा पोहोचणं हे सोपं काम नाही. हिरोनं सगळे गुंड लोळवेपर्यंत वळणावर थांबायचं आणि मग हातकड्या घेऊन प्रवेश करायचा. यात वक्तशीरपणा लागतो, पण उलट्या दिशेचा. याच खात्यातले दुसरे ज्येष्ठ म्हणजे इफ्तेखार. त्यांची फाइल जास्त गुंतागुंतीची आहे. १९७३ साली 'जंजीर'मध्ये ते पोलीस कमिशनर होते. १९७५ साली 'दीवार'मध्ये स्मगलर झाले. आणि १९७८ साली 'डॉन'मध्ये पुन्हा पोलिसात, पण या वेळी डीएसपी म्हणून. मधल्या काळात झालेल्या गोष्टीची खात्यानं एवढीच शिक्षा दिलेली दिसते. त्याहून कमाल म्हणजे 'दीवार'मध्ये स्मगलरच्या टोळीत त्यांच्याबरोबर जगदीश राजही होते. हिंदी सिनेमाचं निम्मं पोलीस खातं त्या सिनेमात तस्करीचा माल मोजत होतं. मग इन्स्पेक्टरची जागा शशी कपूरला भरावी लागली यात नवल काय?

टीव्हीवरही तीच कथा. शिवाजी साटम बँकेत कॅशियर होते. तिथे त्यांना बढती मिळाली असती. पण १९९८ साली ते 'सीआयडी'मध्ये एसीपी प्रद्युम्न झाले आणि २०१८ पर्यंत एसीपीच राहिले. वीस वर्षांत शेकडो खून उलगडले, पण डीसीपी कोणी केलं नाही. बँकेची मात्र आपल्या रंगभूमीवर मोठीच कृपा आहे. अशोक सराफही स्टेट बँकेत होते. काउंटरवर दिवसभर माणसं बघायची, त्यांची कुरकुर ऐकायची आणि चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही, यापेक्षा अभिनयाचं आणखी वेगळं शिक्षण ते काय असतं!

आमच्या सोसायटीत असे एक चरित्र अभिनेते राहतात. नाव सांगत नाही, कारण सांगून उपयोग नाही. त्यांचा चेहरा अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे आणि नाव त्यांच्या आधारकार्डावर आहे. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे त्यांना बघून थबकतात, कपाळाला बोट लावतात आणि म्हणतात, "तुम्ही ते हे ना?" काका नम्रपणे म्हणतात, "हो, मी ते हेच." एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. चिकाटीचे लोक पुढे विचारतात, "त्या मालिकेत होता ना तुम्ही, त्या अमकीचे वडील?" काका यालाही हो म्हणतात. ते त्या अमकीचे वडील नव्हते, सासरे होते; पण तमकीचे वडील होतेच. हिशेब कुठेतरी जुळतो.

नाव माहीत नसण्यात लोकांचाही दोष नाही. मालिकेच्या शेवटी नावं येतात तेव्हा वाहिनी तो पडदा कोपऱ्यात सारते, उरलेल्या जागेत पुढच्या मालिकेतलं कोणीतरी रडत असतं, आणि नावं मुंग्यांच्या रांगेसारखी सरसर वर निघून जातात. आमच्या वहिनींनी, म्हणजे काकांच्या पत्नीनं, एकदा टीव्हीचा फोटो काढून, मोठा करून नाव शोधलं. सापडलं तेव्हा आडनावात एक वेलांटी चुकलेली होती.

काकांच्या कपाटात डॉक्टरचा पांढरा कोट, वकिलाचा काळा कोट, एक स्टेथोस्कोप आणि तीन तऱ्हेच्या शाली आहेत. एक-दोन दिवसांच्या कामाला कोऑर्डिनेटरचा फोन येतो तो असा: "दादा, उद्या फ्री आहात ना? डॉक्टर आहे, दोन सीन. कोट आहे ना तुमच्याकडे?" काकांचं म्हणणं असं की अभिनय येतो का, हे गेल्या कित्येक वर्षांत कोणी विचारलेलं नाही, कोट आहे का, हे दर वेळी विचारतात. डॉक्टरचं काम त्यांना आवडतं. पेशंट नेहमीच बेशुद्ध असल्यामुळे समोरचा कलाकार वाक्य विसरण्याचा धोका नाही. आपण नाडी बघायची, चष्मा काढायचा आणि बाहेर येऊन सांगायचं की पुढचे चोवीस तास महत्त्वाचे आहेत. खऱ्या डॉक्टरांनी कितीही प्रगती केली तरी मालिकेतल्या वैद्यकशास्त्राचे चोवीस तास काही कमी झालेले नाहीत.

एकदा त्यांच्याबरोबर घोडबंदर रोडच्या एका सेटवर जायचा योग आला. बाहेरून पत्र्याची शेड, आत चौसोपी वाडा. देवघरातली समई विजेची, तुळस खरी आणि जिना वर जातो तो थेट भिंतीत. कॉल टाइम सकाळी सातचा. काका पावणेसातला मेकअप करून, धोतर नेसून, वर्तमानपत्र हातात घेऊन झोपाळ्यावर बसले. ते वर्तमानपत्र मी चाळलं. फार जुनं होतं. काका म्हणाले, "या घरात मी रोज हेच वाचतो. आता अग्रलेख पाठ झालाय. त्यातल्या मंत्र्यांचं सरकारसुद्धा पडलं."

साडेअकराला त्यांचा नंबर लागला. सहायक दिग्दर्शक म्हणून एक पोरगेली मुलगी होती. तिनं एका लाइटच्या स्टँडला पांढरी टेप लावली आणि म्हणाली, "काका, इथे बघायचं. या सूनबाई."

काकांनी स्टँडकडे वात्सल्यानं पाहिलं. "सूनबाई काय करतायत?"

"त्या दोन वाजता येणारेत. इव्हेंटला गेल्यात."

"तसं नाही गं बाळा. गोष्टीत काय करतायत?"

"ते अजून लिहून आलेलं नाही. तुम्ही फक्त धक्का बसल्यासारखं करा."

"आनंदाचा धक्का की दुःखाचा?"

मुलीनं क्षणभर विचार केला. पलीकडे मॉनिटरसमोर बसलेल्या दिग्दर्शकाकडे पाहिलं. त्यानं डबा खाता खाता हातानंच काहीतरी खूण केली. ती म्हणाली, "मधला द्या. दोन्हीकडे लावता येईल."

काकांनी मधला धक्का दिला. अगोदर भुवया, मग ओठ, मग हातातलं वर्तमानपत्र सावकाश मांडीवर. मी ते तीन फुटांवरून पाहिलं आणि खरं सांगतो, त्या लाइटच्या स्टँडनं काय केलं असेल या कल्पनेनं माझ्याच पोटात गोळा आला. कॅमेरा आधी समोरून, मग डावीकडून, मग उजवीकडून फिरला. "ओके, काका मस्त!" दहा मिनिटांत काम झालं. पुढच्या काही आठवड्यांत तो एकच धक्का आम्ही घरी बसून निरनिराळ्या बातम्यांना बसताना पाहिला. नातवंडाची चाहूल लागली तेव्हा तोच, कारखान्याला आग लागली तेव्हाही तोच. आगीच्या वेळी पार्श्वसंगीत वेगळं होतं म्हणून जास्त करुण वाटला, इतकंच.

ज्या कलेवर नटसम्राटांनी आयुष्य वेचलं तिची ही गत बघून कोणाला वाईट वाटेल. काकांना वाटत नाही. त्यांचं म्हणणं, लेखक, दिग्दर्शक आणि सूनबाई, तिघंही हजर नसताना जो काम करून दाखवतो तो खरा नट. आणि वर हेही खरं की पैसे दिवसावर मिळतात, धक्क्यावर नाही. फक्त ते नव्वद दिवसांनी मिळतात. काका म्हणतात, त्या चेकचा मात्र दर वेळी आनंदाचाच धक्का बसतो.

कामाच्या लांबी-रुंदीचं दुःख करू नये, हे मॅक मोहनकडून शिकावं. 'शोले'च्या शूटिंगसाठी हा माणूस मुंबईहून बंगळूरजवळच्या रामनगरला कितीतरी खेपा घालत होता. सिनेमा कापून-छाटून तयार झाला तेव्हा त्याच्या वाट्याला उरलं एका दगडावर बसणं आणि बक्षिसाची रक्कम सांगणारे तीन शब्द. त्याला वाटलं, आपण संपलो. आज पन्नास वर्षं झाली, लोकांना त्याचा सांभा माहीत आहे. ज्यांनी त्या सिनेमात पानंच्या पानं संवाद म्हटले, त्यातले निम्मे लोक आठवायला गूगल लागतं. आपल्या विजू खोटेंचंही तेच. कालिया म्हणून धन्यासमोर उभं राहायचं, मीठ खाल्ल्याचं कबूल करायचं आणि गोळी खायची. पुढे त्यांनी आयुष्यभर कितीही वेगळी कामं केली तरी रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण त्यांना त्या मिठाची आठवण करून द्यायचा.

लोक विसरत नाहीत याचा त्रासही आहेच. निळूभाऊ फुल्यांनी पाटील, सरपंच आणि साखरसम्राट असे काही रंगवले की गावोगावच्या बायाबापड्या प्रत्यक्षातही त्यांच्यापासून चार हात लांब राहायच्या. माणूस मुळात राष्ट्र सेवा दलाचा, पुण्यात माळीकाम केलेला, 'एक गाव एक पाणवठा'सारख्या चळवळीत मनापासून उतरलेला. पण धोतराचा सोगा धरून त्यांनी आवाज घोगरा केला की वाड्यातली नव्हे, थिएटरातली बाईसुद्धा पदर सावरायची. आमच्या काकांना अजून एवढं यश मिळालेलं नाही. फक्त एकदा मालिकेत त्यांनी सुनेला घराबाहेर काढलं, तर त्या महिन्यात आमच्या इस्त्रीवाल्याच्या बायकोनं त्यांचे सदरे न चुरगळता दिले असं एकदाही झालं नाही. काकांनी तो पुरस्कार मानला.

खरे पुरस्कार या जमातीकडे जरा उशिराच वळले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ पासून दिले जातात, पण सहाय्यक अभिनेता-अभिनेत्री असा विभाग सुरू झाला १९८४ सालच्या चित्रपटांपासून. तोवर तीस वर्षं सरकारच्या लेखी सगळ्या हिरोंना आपोआपच आईवडील होते. त्या पहिल्याच वर्षीचा अभिनेत्रीचा मान 'पार्टी'साठी रोहिणी हट्टंगडींना मिळाला. म्हणजे अमिताभच्या आई व्हायच्या आधीच त्यांची कागदपत्रं पूर्ण होती. पुढे 'चार दिवस सासूचे' ही त्यांची मालिका तीन हजारांवर भाग चालली, आणि चार दिवसांचा हिशेब नेमका कोणी केला होता, हे विचारायचं धाडस कोणाला झालं नाही. सासूचे दिवस संपल्यावर 'होणार सून मी ह्या घरची'त (२०१३) त्या आजी झाल्या. याला म्हणतात रीतसर बढती.

आणि ज्याला एका चौकटीत बसायचं नसतं त्यालाही या धंद्यात जागा असते. दिलीप प्रभावळकर 'झपाटलेला'मध्ये (१९९३) बाहुल्यात शिरणारा गुंड तात्या विंचू झाले आणि २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये महात्मा गांधी. खलनायकाचा राष्ट्रपिता व्हायला फक्त १३ वर्षं लागली. त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. कुठल्या हिरोला हे जमलंय? हिरोनं तात्या विंचू केला तर चाहते रागावतील आणि गांधी केला तर मारामारी कुठे घालायची, हा प्रश्न पडेल. सतीश शाह यांनी 'ये जो है ज़िंदगी'त (१९८४) जवळजवळ दर भागाला नवा माणूस उभा केला. एवढी सोंगं आणणारा नट, आणि त्यांचं लोकांना सर्वात जास्त आठवणारं काम कोणतं? 'जाने भी दो यारों'मधलं (१९८३) प्रेत! अर्ध्या सिनेमात त्यांचा डिमेलो मेलेला आहे आणि तरी तोच सिनेमा खेचून नेतो. साडी नेसून, चाकांवरून आणि महाभारताच्या रंगमंचावरून सुद्धा. जिवंत हिरोंना एवढं फुटेज मिळत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात काकांच्या मालिकेतल्या आजोबांना देवाज्ञा झाली तेव्हा सोसायटीतल्या लोकांनी उगाच तोंडं पाडली. काहींनी खरंच जिन्यात थांबून वहिनींना धीर दिला. काका शांत होते. मरणाचा प्रसंग दोन दिवस चालला, दोन्ही दिवसांचे पैसे धरले गेले. पडून राहायचं काम, त्यामुळे गुडघ्यालाही आराम. मग कला विभागाच्या माणसानं त्यांचा फोटो काढला आणि चंदनी हार घालून दिवाणखान्यात लावला. आता सून त्या फोटोशी बोलते, रडते, सल्ला विचारते. फोटोच्या दिवसाचे पैसे मिळतात का, असं मी विचारलं. काका म्हणाले, "फोटोचे नाही मिळत. पण माझा चेहरा रोज दिसतो ना, म्हणून पुढचं काम मिळतं."

पुढचं काम दुसऱ्या वाहिनीवर मिळालंही. तिथे ते एका श्रीमंत घराचे धाकटे काका आहेत, म्हणजे वयानं पंधरा वर्षांनी खाली आले. एवढ्यात जुन्या मालिकेचा फोन आला. टीआरपी घसरला होता, मृत्युपत्रात एक गुपित निघालं होतं, आणि ते उलगडायला फ्लॅशबॅक पाहिजे होता. फ्लॅशबॅक झाल्यावर कदाचित आजोबांचा जुळा भाऊही निघेल, असं कोऑर्डिनेटरनं हळूच सुचवलं. काकांनी तारखा जुळवल्या आणि शाल इस्त्रीला टाकली.

मी विचारलं, "म्हणजे वर गेल्यावरही सुट्टी नाही?"

काका म्हणाले, "सुट्टी कसली? मेलेल्याला मेकअप जास्त लागतो. म्हणून मला सातच्या ऐवजी सहाला बोलावलंय."